‘हूक अप’ म्हणजे नक्की काय? तुमची फजिती सांगा

नौपाड्याची_लेक

काल घरी इंटरनेटची वायर टाकायला एक मुलगा आला होता. आमची जुनी बिल्डिंग, भिंतीतून वायर घालायची म्हणजे तासाभराचं काम. शेवटी तो स्टुलावरून उतरला, हात झटकले आणि म्हणाला, "मॅडम, हुकअप झालं." मी कढीपत्ता निवडत होते, तशीच हसत सुटले. त्या बिचाऱ्याला वाटलं काहीतरी चुकलं, परत स्टुलावर चढला.

त्याला काय सांगणार! म्हणून तुम्हाला सांगते.

२००५ साल. मी महाप्याला एका कंपनीत होते, नाव नको. अमेरिकेहून क्लायंटकडच्या एक बाई येणार होत्या. कडक. त्यांचा डेटाबेस हलवायचं काम आमच्या साहेबांकडे. साहेब म्हणजे वय ५४, राहणार डोंबिवली, कपाळाला अष्टगंध, डब्यात आलटून पालटून पडवळ आणि दोडका. बाईंची आणि साहेबांची गाठ घालून द्यायची जबाबदारी माझी.

त्याच्या आदल्याच आठवड्यात कॉलवर एक अमेरिकन माणूस म्हणाला होता, "आय विल हूक यू अप विथ अवर नेटवर्क गाय." मला ते इतकं आवडलं की डायरीत लिहून ठेवलं होतं. आता वापरायची संधी आली. मी मेल लिहिली:

"अवर सर विल हूक अप विथ यू टुमॉरो नाइट ॲट युअर हॉटेल इन वाशी. ही हॅज थर्टी इयर्स ऑफ एक्स्पीरियन्स. प्लीज कीप टू टु थ्री अवर्स फ्री."

सीसीमध्ये चौदा जण.

बाईंचं उत्तर वीस मिनिटांत. "थँक यू. आय लूक फॉरवर्ड टू मीटिंग हिम इन द कॉन्फरन्स रूम. ॲट टेन ए.एम." मला वाटलं बाईंना सकाळची वेळ बरी पडत असेल.

दुसऱ्या दिवशी न्यू जर्सीहून नुकतीच परत आलेली एक ज्युनिअर मुलगी मला हाताला धरून वॉटर कूलरपाशी घेऊन गेली आणि अर्थ सांगितला. हातातला ग्लास भरून वाहायला लागला तरी मी बटण दाबूनच उभी.

तर लिहा तुमचे किस्से. हूक अपचाच हवा असं नाही, पण शेपूट लागलेलं इंग्रजी हवं. त्या अप, आउट, ऑफने कुठे पाडलं ते सांगा.

कोपरीचा_पक्या

सीसीमध्ये चौदा जण

टू टु थ्री अवर्स

मी ठाणे-वाशी गाडीत उभा आहे आणि शेजारचे काका माझ्याकडे बघतायत

रबाळे_लोकल

थर्टी इयर्स ऑफ एक्स्पीरियन्स हहपुवा (हसून हसून पुरेवाट)

निवृत्त_लाइनवाला

आम्ही मराठीत याला आकडा टाकणे म्हणतो. मी विद्युत मंडळात १९७८ ला लागलो, मंडळाचं महावितरण झालं २००५ ला, त्यानंतरही नोकरी केली. आयुष्य आकडे काढण्यात गेलं. बांबूच्या टोकाला वायर, वायरच्या टोकाला वाकवलेली सळई, ती उघड्या तारेवर अडकवली की झालं हूक अप. वीज कायदा २००३, कलम १३५, वीजचोरीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे, पण ऐकतो कोण. मुरबाडच्या बाजूला रात्री आमची जीप वळणावर दिसली की पोरं शिट्टी मारायची. मग लांबून दिसायचं, एकेका घरातला दिवा ओळीने विझत चाललाय. आम्ही पोचेपर्यंत गाव अंधारात आणि सगळे दारात बसलेले, "साहेब, लाइट कधी येणार?"

आता मुद्द्याचं. २०१६ ला टेक्सासला मुलाकडे गेलो. ते लोक घराएवढी गाडी घेऊन जंगलात राहायला जातात. तिथे गेटवर मोठी पाटी, "फुल हूकअप". म्हणजे त्या जागेवर वीज, पाणी आणि सांडपाण्याचा पाइप तिन्ही जोडून मिळतं. मला आनंदच झाला, आपल्या खात्याचा शब्द! पाटीखाली फोटो काढून घेतला. शेजारच्या गाडीतल्या आजीबाई बोलक्या होत्या. त्यांनी विचारलं तुम्ही काय करत होता. मी म्हटलं, "मॅडम, इन माय सर्व्हिस आय हॅव कॉट थाउजंड्स ऑफ हूकअप्स. मोस्टली ॲट नाइट."

नातवाने तोंडावर टोपी ओढून घेतली. आजीबाई मात्र म्हणाल्या, "गुड फॉर यू."

नौपाड्याची_लेक

काका दंडवत!! "मोस्टली ॲट नाइट" 🙏

घणसोली_बॉईज

काका तो फोटो टाका

निवृत्त_लाइनवाला

फोटो सुनेने डिलीट केला.

सेक्टर_सतराचा

माझी पण एक. पॉलिटेक्निक, सेकंड इयर, २००३. प्रोजेक्टला सामान आणायला लॅमिंग्टन रोडला जायचं होतं. यादीत लिहिलेलं, "हुकअप वायर, सिंगल स्ट्रँड, लाल काळी पिवळी, प्रत्येकी पाच मीटर". ही साधी बारीक वायर असते, टोक सोलायचं आणि ब्रेडबोर्डच्या भोकात खुपसायचं. मला वाटलं जाण्याआधी जरा माहिती काढू. वाशीला सायबर कॅफे, तासाला वीस रुपये. सर्चमध्ये टाकलं "हुक अप". वायर लिहायला आळस केला हो!

एक खिडकी उघडली. ती बंद केली तर चार उघडल्या. त्या बंद करतोय तर स्पीकरमधून एक बाई "हाय हँडसम" म्हणाली. स्पीकरचं बटण काही सापडेना. मालक उठून आला, मागचा पडदा बाजूला केला. मी म्हणतोय, "अंकल, वायर बघतोय, वायर." मालक माझ्या बाबांचा ओळखीचा निघाला.

बाबांना यादी दाखवली, सरांची सही दाखवली, तरी वर्षभर घरात कोणी वायर म्हटलं की बाबा माझ्याकडे बघायचे.

ऐरोली_आई

वायर बघतोय वायर 😂😂

माझा मुलगा सध्या याच वयाचा आहे, आता त्याच्या याद्या नीट बघते

कळव्याच्या_बाई

मी इंग्रजी शिकवते, बावीस वर्षं झाली, त्यामुळे गप्प बसवत नाही. पेपर तपासता तपासता लिहितेय.

नौपाडाताई, तुमच्या डायरीत शब्द बरोबर उतरला होता, फक्त माणसाची जागा हलली. तो अमेरिकन म्हणाला "हूक *यू* अप विथ". माणूस मधे बसला की अर्थ होतो तुमची गाठ घालून देतो, किंवा हवी ती वस्तू मिळवून देतो. कोणी "कॅन यू हूक मी अप विथ टू टिकिट्स" म्हणालं तर त्याला दोन तिकिटांची सोय करून हवी असते, बस. तुम्ही माणूस मधून काढलात आणि थेट "हूक अप विथ यू" केलंत. तिथे घात झाला. त्याचा साधा अर्थही आहे, भेटणं, एकत्र येणं. पण अमेरिकेत, आणि खास करून कॉलेजच्या पोरांच्या तोंडी, गेल्या काही दशकांत दुसराच अर्थ वरचढ झालाय. म्हणजे लग्न नाही, बांधिलकी नाही, आणि नक्की काय झालं तेही सांगायचं नाही. चुंबनापासून पुढे काहीही असू शकतं. हा मोघमपणाच त्या शब्दाची सोय आहे. सांगणाऱ्याने सांगितल्यासारखं केलं आणि ऐकणाऱ्याने हवं ते समजून घेतलं.

मराठीत नेमका हाच खेळ आहे की! "जुळवून दिलं" आणि "जुळलं". वधूवर सूचक मंडळातल्या काकूंनी दोघांचं जुळवून दिलं, यात काकू पुण्यवान. काकूंचं जुळलं म्हणालात तर गावभर चर्चा.

आणि शब्द जन्माने काही वाईट नाही बरं का. १९३०च्या सुमारास अमेरिकेत अनेक रेडिओ केंद्रं तारांनी जोडून एकच भाषण देशभर ऐकवायचे, त्याला हूकअपच म्हणत. कोस्ट टू कोस्ट हूकअप. आज कोणी तसं म्हणालं तर काय ऐकू येईल ते तुम्हीच बघा.

रबाळे_लोकल

कोस्ट टू कोस्ट 😂 बाई तुमच्या वर्गात बसायला हवं होतं

चेंदणीचा_नाखवा

हूक म्हणजे गळ. साधी गोष्ट आहे. आमचे आजोबा ठाण्याच्या खाडीत गळ टाकायचे, जिताड्यासाठी. गळाला जिवंत कोळंबी, शेपटाकडून टोचायची म्हणजे ती पाण्यात हलत राहते. मेलेल्या कोळंबीला जिताडा तोंड लावत नाही, खानदानी मासा. गळाला लागला की लगेच ओढायचं नाही, दमवायचा. आजोबा म्हणायचे घाई करील त्याच्या हातात नुसता दोरा. तेव्हा कळव्याच्या पुलाखाली पाणी असं नव्हतं. आता जाळ्यात मासळीपेक्षा पिशव्या जास्त.

"गळाला लागला" म्हणजे हूक अपच ना बाई?

कळव्याच्या_बाई

नाखवा, ते "हूक्ड". अप नाही. गळाला लागलेल्याला दुसऱ्याने पकडलेलं असतं. हूक अपमध्ये दोघेही राजी असतात.

चेंदणीचा_नाखवा

जिताडा कधीच राजी नसतो 😄

बेलापूर_खादाड

जिताडा आता कुठे मिळतो पण? दिवाळे गावात गेलो तर सकाळी सातलाच संपलेला होता. खाडीचा हवा, तळ्यातला नको.

चेंदणीचा_नाखवा

सातला संपतो मग सहाला जा. आणि तळ्यातला वाईट नसतो, तुम्हा लोकांना उगाच वाटतं. कालवणाला खोबरं कमी घाला.

बेलापूर_खादाड

खोबरं कमी?? हा वेगळा धागा काढा

नेरूळची_सिस्टर

ड्युटी संपली, बसमध्ये लिहिते. मी पहिल्यांदा आखाती देशात नोकरीला गेले तेव्हाची गोष्ट. पहिली नाइट. ॲम्ब्युलन्समधून एक पेशंट आला, छातीत दुखणं. फिलिपिनो सीनिअर ओरडली, "हूक हिम अप! हूक हिम अप!" मी सगळीकडे हूक शोधतेय. सलाइनच्या स्टँडला असतो ना वरचा हूक, तो मोडलाय असं मला वाटलं. पलीकडच्या बेडचा स्टँड ओढत आणला आणि अभिमानाने म्हटलं, "सिस्टर, हूक."

तिने एक सेकंद स्टँडकडे बघितलं, एक सेकंद माझ्याकडे, आणि स्वतःच पेशंटच्या छातीला मॉनिटरच्या वायरी लावल्या. हूक हिम अप म्हणजे मॉनिटरला जोड. पेशंट वाचला, काळजी नको. तो बरा होऊन जाईपर्यंत मला "मिस हूक" म्हणायचा.

हा दुसरा अर्थ मला आज कळतोय. म्हणजे तिथे मी दोन वर्षं सगळ्यांना "मी मिस हूक" सांगत होते ते…

ऐरोली_आई

अगं बाई

घणसोली_बॉईज

आमच्या पिढीत हूक अप पण जुना झाला काकू लोकहो. आता सिच्युएशनशिप. तो शब्द आईला समजावताना माझी रात्र गेली. शेवटी आई म्हणाली, "म्हणजे टाका भिडलाय पण शिवण घातली नाही." मी म्हटलं हो तेच.

कळव्याच्या_बाई

तुझ्या आईला माझा नमस्कार सांग. बावीस वर्षांत मला इतकं चांगलं सांगता आलं नाही.

पासआउट_९८

मी ९८ चा पासआउट. हे वाक्य मी अमेरिकन एचआरला इंटरव्ह्यूत म्हटलं. "आय पास्ड आउट इन १९९८." ती म्हणाली, "ओह. आर यू ओके नाउ?" मी म्हटलं, "येस, फर्स्ट क्लास."

सेक्टर_सतराचा

येस फर्स्ट क्लास 🤣

पण पासिंग आउट परेड असते ना खडकवासल्याला? मग चूक काय त्यात?

पासआउट_९८

तेच तर. लष्करात चालतं, कारण ते ब्रिटिशांचं. आपण परेडचं कॉलेजात आणलं. अमेरिकन माणसाला फक्त चक्कर येऊन पडणं माहीत, नाहीतर जास्त झाल्यावर सोफ्यावर आडवं होणं. नोकरी मिळाली बरं का. ती बाई अजून दर वर्षी माझ्या तब्येतीची चौकशी करते.

शटल_मावशी

माझं "नॉक अप". आम्ही बायका रोज सकाळी बॅडमिंटन खेळतो. गेम सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं नुसतं इकडून तिकडे मारायचं, त्याला नॉक अप म्हणतात, कोणालाही विचारा. माझी भाची शिकागोला वाढलेली, सुट्टीत आली होती. तिला म्हटलं, "चल, काका इज रेडी टु नॉक यू अप." ती तिच्या आईच्या मागे जाऊन उभी राहिली.

तिकडे त्याचा अर्थ दिवस घालवणे आहे म्हणे. म्हणजे गरोदर करणे. आता सांगा!

कळव्याच्या_बाई

अगं दिवस *जाणे*. दिवस *घालवणे* म्हणजे टाइमपास. बघा, मराठीतही शेपूट बदललं की काय होतं!

आणि नॉक अप ब्रिटिशांकडे अगदी सोज्वळ होता. गिरण्यांच्या गावांत घड्याळं परवडत नव्हती, तेव्हा पहाटे कामगारांना उठवायला माणूस ठेवलेला असायचा. लांब काठीने वरच्या मजल्याची खिडकी वाजवायचा. काही जण नळीतून वाटाणे फुंकून काचेवर मारायचे. त्याला नॉकर-अप म्हणत. आठवड्याला काही पेन्स घ्यायचा.

निवृत्त_लाइनवाला

लांब काठी म्हणजे आमचं आकड्याचंच हत्यार.

कोपरीचा_पक्या

वाटाणे मारून उठवणारा माणूस मला हवाय. ५:४२ ची गाडी रोज चुकते

परखड_पाचपाखाडी

मला यात हसण्यासारखं काही वाटलं नाही, स्पष्ट बोलतो. साहेबांवर धागा काढलात. तीस वर्षं प्रामाणिक काम केलेला माणूस, त्याला इंग्रजी बोली भाषेतल्या एका फालतू शब्दावरून चौदा जणांसमोर हसायचं. त्या अमेरिकन बाईला "गाठ घालून देणे" म्हणता आलं असतं का? आपणच का लाजायचं दर वेळी?

नौपाड्याची_लेक

परखड दादा, चूक माझी होती, साहेबांची नाही. हसतेय ती मी माझ्यावर. आणि बाई कधीच हसल्या नाहीत, दहा वाजता कॉन्फरन्स रूममध्ये आल्या आणि साहेबांसमोर दोन तास वही उघडून बसल्या. डेटाबेस एका रात्रीत हलला, एक रेकॉर्ड इकडे तिकडे नाही. जाताना बाईंनी साहेबांच्या पडवळाच्या भाजीची रेसिपी लिहून घेतली. पडवळाला इंग्रजीत स्नेक गोर्ड म्हणतात म्हटल्यावर जरा दचकल्या तेवढंच.

परखड_पाचपाखाडी

बरं. मग ठीक आहे. पडवळात चणाडाळ होती का?

नेरूळची_सिस्टर

पण साहेबांना कळलं का कधी?? मुख्य गोष्ट राहिली

ऐरोली_आई

हो ना! दोनदा वाचलं, उत्तर नाही मिळालं

नौपाड्याची_लेक

सांगते. कुकर लावून आले.

(हो, चणाडाळ होती.)

मी कधी विचारलं नाही. हिंमतच नव्हती. सहा वर्षं एकाच मजल्यावर बसलो, मी त्यांच्या टेबलासमोरून जाताना कायम मोबाइलमध्ये बघत जायचे. २०११ ला ते निवृत्त झाले. कँटीनमध्ये केक, शाल, श्रीफळ. सगळं झाल्यावर ते माझ्यापाशी आले आणि खिशातून घडी केलेला कागद काढला. घड्या इतक्या जुन्या की मधे फाटायला आला होता. माझीच मेल, प्रिंट काढलेली.

म्हणाले, "मला त्याच रात्री कळलं होतं गं. मुलगा तेव्हा तिकडे एमएस करत होता. त्याला फोनवर वाचून दाखवली, अमुक बाईंना उद्या भेटायचंय, नीट इंग्रजीत कसं बोलू म्हणून विचारायला. तो दोन मिनिटं बोललाच नाही. मला वाटलं लाइन तुटली."

मी म्हटलं, "सर, तुम्ही मला काही बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू पुन्हा मेल लिहिली असतीस का?"

मग कागद परत घडी करून खिशात ठेवला. म्हणाले, "ड्रॉवरमध्ये कुलपात होता. हिला अजून दाखवलेला नाही."

कोपरीचा_पक्या

🙏🙏

शटल_मावशी

असे साहेब हवेत. आमच्याकडे अर्ध्या मिनिटात अख्ख्या मजल्याला फॉरवर्ड झाली असती

परखड_पाचपाखाडी

साहेबांना माझा नमस्कार सांगा. मी वरचा प्रतिसाद मागे घेत नाही, पण नमस्कार सांगा.

सेक्टर_सतराचा

माझे बाबा असे निघाले असते तर

निवृत्त_लाइनवाला

नौपाडाताई, त्या वायरवाल्या मुलाचा नंबर मिळेल का? आमच्याकडे चार दिवस इंटरनेट बंद आहे, हे सगळं सुनेच्या मोबाइलवरून लिहितोय आणि ती आता मागते आहे.

नौपाड्याची_लेक

काका, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. मुलगा चांगला आहे, फक्त त्याच्यासमोर हसू नका.

निवृत्त_लाइनवाला

व्यनि मिळाला. फोन केला. शनिवारी येतो म्हणाला. वायर त्याची, हुकअपचे दीडशे वेगळे.